डुकरांचं वेळापत्रक भिंतीवर, जंत माझ्या पोटात

आधी आनंदाची बातमी सांगून टाकते, कारण मला दम धरवत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या डोक्याचा नवा फोटो काढला. डॉक्टर मॅडमनी तो उजेडाच्या पाटीवर लावला, चष्मा वर केला, परत खाली घेतला आणि म्हणाल्या, "रेखाताई, गेले की हो दोन्ही!" मी एवढ्यानं ओरडले की बाहेरच्या बाकावर डुलक्या घेणारे एक आजोबा दचकून उभेच राहिले. त्यांना वाटलं त्यांचा नंबर आला.

तर मी बरी झाले. पण हे लिहायला बसले ते नुसतं बरी झाले म्हणून नाही. आमच्या भागात बाईला फिट आली की आधी कांदा, मग चप्पल, मग देवऋषी, आणि सगळं थकलं की डॉक्टर. शिवाय डॉक्टरांना खरं सांगायचं नाही, हाही आपला एक रिवाज. मी तो पाळला. माझ्या एका खोट्या शब्दापायी एका भल्या माणसाची नोकरी आणि अब्रू दोन्ही जायची वेळ आली होती. आजाराइतकीच ती गोष्टही सांगायला हवी.

आमचं घर आणि माझी डुकरं

शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडं, घोड नदीच्या काठाला आमची वस्ती. घरात चौघं: मी, माझे मिस्टर संतोष, सात वर्षांची सई आणि सासरे आबा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. आबांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ काढलं आणि मग जमिनीला टेकले. संतोष एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टवर असतात. आणि मी वराहपालक! हा शब्द मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा शिकले आणि फार आवडला. वस्तीवर मात्र सगळे "डुकरंवाली रेखा" म्हणतात.

चार वर्षांपूर्वी मी शेड बांधली. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. पांढरी, गुलाबी कानांची डुकरं. एकही कधी बाहेर उंडारत नाही. मेंढपाळाच्या घरात डुकरं म्हटल्यावर लोक तोंडाला पदर लावून हसले. हसू द्या. मला ती डुकरं इतकी आवडतात की कोणाला कान खाजवलेला आवडतो आणि कोणाला पोट, हे मी डोळे मिटून सांगेन.

शेडवर कामाला मंगरूभैया. झारखंडचे, चाळिशी ओलांडलेले, कमी बोलणारे. शेडशेजारच्या खोलीत एकटेच राहायचे, बायकामुलं गावाकडं. त्यांना मी भैया म्हणते आणि ते मला मॅडम. शेडचा अर्धा जीव त्यांच्या हातात आहे.

आता माझ्या हुशारीचा कळस ऐका. शेडच्या भिंतीवर मी डुकरांच्या जंतांच्या औषधाचं वेळापत्रक लावलं होतं. माद्या कधी, पिल्लं कधी, नर कधी, सगळं लाल-निळ्या पेनानं. एक दिवस चुकायचा नाही. शेडच्या दारात जंतुनाशकाच्या लाल पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवायचे, शेजारी साबण, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच आत. बाहेरचा रोग आत जायला नको ना! आणि घरात? संडासातून आल्यावर मोरीवर नळाखाली हात ओले करायचे आणि सरळ पिठाच्या परातीत. घरात साबण होता, पण तो आंघोळीचा. सईला शाळेत जंताची गोळी मिळायची. मोठ्या माणसांना जंत असतात हे आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. माझ्या डोक्यात नंतर आलं, तेही जोडीनं.

ती सकाळ

एक मादी नुकतीच व्याली होती. मी तिच्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन देत होते. तिसरं पिल्लू डाव्या हातात, सुई उजव्या हातात. एकाएकी उजवा अंगठा आपलाआपण उडायला लागला. मला वाटलं पिल्लू लाथा मारतंय. मी त्याला म्हणालेसुद्धा, "गप की रे." मग मनगट उडालं, मग कोपर. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

पुढचं सगळं ऐकीव. मी मादीच्या कप्प्यात आडवी पडले आणि पिल्लू माझ्याखाली सापडून किंचाळायला लागलं. पिल्लू ओरडलं की व्यालेली मादी आंधळी होते, समोर कोण आहे ते बघत नाही. मंगरूभैयांनी फाटकावरून उडी मारली आणि मला काखेत धरून बाहेर ओढलं. तोवर मादीनं त्यांच्या पोटरीचा लचका घेतला होता. त्यांनी आधी मला कुशीवर वळवलं, फाटक लावलं आणि मग खाली बसून स्वतःचा पाय धरला.

मला शुद्ध आली तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल होती आणि तोंडात कांद्याचा वास. भोवती निम्मी वस्ती.

"डुकराची बाधा हाय ही," एक काकू म्हणाल्या. "मी म्हनलंच हुतं, मुकी न्हाईत ती, शापाची जात हाय."

आबा माझ्या उशाशी बसले होते. ते एकदम खेकसले, "गप बसा गं समद्याजणी! ती चप्पल घ्या बाजूला." मग संतोषकडं वळून म्हणाले, "मेंढरू असं करतं की रं. गरागरा फिरतंया, पडतंया, पाय झाडतंया. तवा त्याच्या डोक्यात पान्याचा फोड असतोया. मी फोडून बघितल्यात टाळकी. हिच्या डोक्याचा फोटू काढा."

हे ऐकून बायका हसल्या. सुनेला मेंढरू म्हणतोय म्हातारा! पण सांगते, माझ्या आजाराचं निदान सगळ्यांत आधी आबांनी केलं, तेही शेडच्या दारात बसून.

फोटो

आधी दौंडच्या दवाखान्यात नेलं. तिथून पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात. त्या मशीनच्या नळकांड्यात मी अर्धा तास पडून होते आणि आत असा ठोकाठोकीचा आवाज, कोणी शेडचे पत्रे बदलतंय असं वाटावं. मला घाबरायला हवं होतं. खरं सांगते, मला निम्मी भीती आणि निम्मी उत्सुकता होती. स्वतःचा मेंदू बघायला मिळणार, हे काय रोज होतं?

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी फोटो दाखवला. "हे बघा. हा एक दाणा आणि हा दुसरा. डुकरांमध्ये आढळणाऱ्या फीतकृमीची ही पिल्लं आहेत. इवल्याशा पाण्याच्या पिशवीत बसलेली. त्यांच्याभोवती सूज आली म्हणून फिट आली."

"जिवंत हायेत?" आबांनी विचारलं.

"एक जिवंत आहे, एक मरायला टेकलाय."

"म्हंजी पान्याचा फोडच की!" आबा संतोषकडं बघून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण बोलणं खरं ठरल्याचं तेजही होतं. मला त्या स्थितीतही हसू आलं.

मी विचारलं, "मॅडम, जवळनं बघू का?" आणि नाक लावून बघितलं. पावट्याएवढे पांढरे गोल, आत एक ठिपका. माझ्याच डोक्यात, माझ्या नकळत, कोण जाणे किती दिवस. पहिला विचार सईचा आला. तिची वेणी मी घालते, तिला घास मी भरवते.

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "तुम्ही डुकराचं मटण खाता का?"

खोलीत आबा होते, संतोष होते. आमच्या घरात मेंढीचं मटण चालतं, कोंबडी चालते. पण डुक्कर पाळणं वेगळं आणि ताटात घेणं वेगळं. शेड बांधायला आबांनी परवानगी दिली तेव्हा एकच अट घातली होती, "घरात शिजवायचं न्हाई, आन् तोंडात घालायचं न्हाई." मी त्यांच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

"छे छे," मी म्हणाले. "कधीच नाही."

खरं काय होतं

तीन वर्षांपूर्वी, शेड नवी असताना, एका खरेदीदारानं विचारलं होतं, "ताई, तुमच्या मालाला चव कशी आहे?" ज्याचा माल विकायचा त्याची चव माहीत नको? हे मला फार लागलं. पुढं एकदा मी लांबच्या एका वराहपालकाची शेड बघायला गेले. शेड कसली, कुंपण नाही, संडास नाही, डुकरं मोकळी, वाटेल तिथं तोंड घालणारी. तिथं एकजण निखाऱ्यावर मटण भाजत होता. मला वाटलं, आत्ताच, इथं कोण बघतंय!

भाजणारा म्हणाला, "मैडम, थोड़ा और पकने दो. अंदर कच्चा है."

मला कुठला धीर! परतीची गाडी गाठायची होती. मी दोन तुकडे उचलले आणि गरमागरम तोंडात टाकले. आत गुलाबी, मऊ. चव? छान होती, कशाला खोटं बोलू.

तो भाजणारा माणूस म्हणजे मंगरूभैया. त्यांचं काम आणि स्वच्छता बघून पुढच्याच महिन्यात मी त्यांना आमच्याकडं बोलावून घेतलं. म्हणजे माझं गुपित माहीत असलेला जगात एकच माणूस होता आणि तो माझ्याच शेडवर राहत होता. त्यानं तीन वर्षांत त्यावर अवाक्षर काढलं नाही.

वॉर्ड नंबर कितवा ते विसरले

आठ दिवस हॉस्पिटलात होते. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, सातला झाडू मारणाऱ्या मावशींची सगळ्यांना दटावणी, "पाय वर, पाय वर!" गोळ्या सुरू झाल्या आणि पहिले दोन दिवस डोकं असं दुखलं की मी भिंतीला कपाळ लावून बसायची. दाणे मरताना सूज वाढते, तिच्यावरही गोळी देतोय, घाबरू नका, असं मॅडम येऊन सांगून जायच्या. त्या जेमतेम मिनिटभर थांबायच्या, पण त्या मिनिटावर माझा दिवस निघायचा.

सुजेच्या गोळ्यांनी भूक अशी खवळली की शेजारच्या खाटेवरच्या यवतच्या काकूंचा डबासुद्धा मी संपवायची. त्या खळखळून हसायच्या. "खा गं बाई, तुझ्या डोक्यातल्या पाव्हण्यांला बी घाल." त्यांनाही फिटच येत होती, वेगळ्या कारणानं. लग्न व्हायच्या मुलीच्या सासरी कळू नये म्हणून त्यांनी दोन वर्षं लपवली होती. आम्ही दोघी एकमेकींना गोळ्यांची आठवण करायचो. हॉस्पिटलात देव भेटतो की नाही माहीत नाही, डबा वाटून घेणारी बाई भेटते.

संतोष रात्रपाळी करून सकाळी यायचे, डोळे लाल. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "डुकरं इकायची. पुढच्या गाडीला समदी."

"माझ्या डुकरांचा काय दोष?"

"डोक्यात डुकराचा जंत निघालाय तुझ्या, आन् डुकरांचा दोष न्हाई?"

मी इतकी चिडले की सलाईनची सुई हलली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून शेडवर पाठवलं. ते व्हिडिओ कॉलवर एकेका मादीची जीभ ओढून खालून चाचपायला लागले. तिथं दाणे लागले तर डुकराला हा रोग. मी खाटेवर उकिडवी बसून बघतेय, यवतच्या काकू माझ्या खांद्यावरून बघतायत, झाडूवाल्या मावशी झाडू टेकून बघतायत. पहिली मादी साफ. दुसरी साफ. नवव्या मादीनं डॉक्टरांचा अंगठा चावला. तीही साफ! सगळी साफ निघाली आणि आमच्या वॉर्डात टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी सगळ्यांना दम भरला.

कुत्र्याची जागा

त्याच दुपारी मॅडमनी आम्हाला तिघांना समजावलं. मी माझ्या भाषेत सांगते. कच्चं मटण खाल्लं तर जंत माणसाच्या पोटात वाढतो, हातभर नाही, चांगला आठ-दहा हात लांब. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत तर ती अंडी त्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या तोंडात जातात आणि मग दाणे डोक्यात बसतात. डुकरालाही रोग होतो तो माणसाची घाण खाल्ल्यानं. "तेव्हा डुकरांना दोष देऊ नका," त्या म्हणाल्या. "ज्याच्या पोटात मोठा जंत आहे असा माणूस तुमच्या आसपास आहे. घरातल्या आणि शेडवरच्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने तपासायला द्या."

आबा बराच वेळ मान हलवत होते. मग म्हणाले, "मेंढरांचं बी आसंच. फोडाचं टाळकं कुत्रं खातं, कुत्र्याच्या हागणीतनं गवताव येतं, ते मेंढरू खातं. म्हंजी तितं जी कुत्र्याची जागा, ती हितं माणसाची."

मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. "आबा, अगदी बरोबर. मला विद्यार्थ्यांना शिकवायला हे वाक्य द्या."

आणि संतोष म्हणाले, "मंगरू. दुसरं कोण? तोच खातो. शेडवर चहा तोच करतो, कांदा तोच चिरतो."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मॅडमनी "स्वतःच्या तोंडात" म्हटलं तेव्हाच मला सगळं लख्ख कळलं होतं. तो माणूस मी होते. पण समोर आबा. मला वाटलं, नमुन्यांत काय ते निघेल, आपण कशाला तोंडानं सांगा. भित्र्या माणसाला हे फार सोयीचं असतं. मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

मंगरूभैयांची बॅग

घरी आले तो गुरुवार. नमुने दिलेले होते, रिपोर्ट शनिवारी यायचे होते. गाडीतून उतरले तर शेडच्या फाटकाशी एक काळी बॅग आणि चादरीचं बोचकं. संतोषनी मंगरूभैयांना दौंडहून दुपारच्या गाडीचं तिकीट काढून दिलं होतं. रिपोर्टची वाट बघायलाही ते तयार नव्हते. "पोरगी हाय घरात," एवढंच त्यांचं म्हणणं. बापाचं काळीज, त्यांना तरी मी कुठल्या तोंडानं बोलू.

मंगरूभैया बॅगेशेजारी उभे होते. पोटरीला पट्टी, चालताना पाय ओढत होते. त्यांनी मला विचारलं, "सर का दर्द कैसा है, मैडम?" बस्स. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. "ही बाई स्वतः कच्चं खाऊन बसलीय, मी सांगितलेलं ऐकलं नाही." तीन वर्षं नाही बोलले, आताही नाही बोलले. तशा नजरेनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, खाली बघत होते. मला लाज वाटू नये म्हणून!

मग मला जे रडू फुटलं ते थांबेना. संतोष धावत आले, त्यांना वाटलं परत फिट.

"मी खाल्लंय," मी म्हणाले. "मी डुकराचं मटण खाल्लंय. कच्चं. तीन वर्षांपूर्वी. हे तिथंच होते, हेच भाजत होते, हे थांबा म्हणत होते आणि मी थांबले नाही. जंत माझ्या पोटात आहे. यांचा काही दोष नाही."

ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. उठले, काठी घेतली आणि नदीकडं चालायला लागले.

संतोष मंगरूभैयांकडं वळले. "तू का न्हाई बोललास रे?"

मंगरूभैया म्हणाले, "बहू की बात थी, भैया. ससुर के सामने कैसे बोलता?"

संतोषनी बॅग उचलून परत खोलीत ठेवायला घेतली. पण मंगरूभैयांनी ती त्यांच्या हातातून घेतली. "टिकट हो गया है. घर हो आता हूँ." परत येणार का, मी विचारलं. "देखता हूँ," ते म्हणाले. संतोष त्यांना दौंडला सोडून आले.

जंत

शनिवारी रिपोर्ट आले. सई साफ! मी तिचे मुके घ्यायला धावले आणि अर्ध्या वाटेत थांबले, आधी हात धुवून आले. आबा साफ, संतोष साफ, मंगरूभैया साफ. मी तेवढी नापास.

डोक्याची तब्येत बघून मॅडमनी पोटातल्या जंताची वेगळी गोळी दिली. पुढचं सभ्य माणसांनी गाळून वाचावं. तो निघाला! चपटा, पांढरट, फितीसारखा, निघतोय तर निघतोयच. मी आतून ओरडतेय, "अहो, आला! अजून आहे! अजून आहे!" आणि बाहेर संतोष दाराला कान लावून, "तुटू दिऊ नको!" लग्नानंतर आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी इतके कधी आनंदलो नव्हतो. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं त्याची विल्हेवाट लावली, सगळं उकळत्या पाण्यानं धुतलं आणि मग आम्ही दोघं मोरीपाशी बसून हसत सुटलो. हसता हसता संतोष रडायला लागले. म्हणाले, "मी त्या माणसाला चोरावानी हाकललं गं."

आबांची भाकरी

पुढचे नमुने साफ येईपर्यंत स्वयंपाक दुसऱ्यानं केलेला बरा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. संतोषना चहापलीकडं काही येत नाही. मग चुलीपुढं कोण बसलं? आबा! मेंढरांमागं हिंडताना तीन दगडांच्या चुलीवर केलेली भाकरी त्यांच्या हातात अजून होती. बोटभर जाड, कडा करपलेल्या. सई म्हणायची, "आबा, ही भाकरी आहे का पाट?" पण ते माझ्याशी बोलत नव्हते. भाकरी माझ्यापुढं ठेवायचे आणि निघून जायचे. डोकेदुखी परवडली, पण हा अबोला नको, असं व्हायचं.

दहाव्या-बाराव्या दिवशी ते चुलीपुढूनच म्हणाले, "रेखा, फोडाचं मेंढरू मेलं की मी काय करायचो ठावं हाय का? टाळकं फोडायचो आन् माझ्याच कुत्र्यांपुढं टाकायचो. चांगली राखणदार कुत्री, खाऊ देत, म्हनून. जलमभर. माझी मेंढरं मीच मारली म्हन की. मला कुनी सांगितलं न्हाई, तुला बी कुनी सांगितलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "पर तू पायाव हात ठिऊन बोलली हुतीस, ते लागलं."

"चुकले आबा," मी म्हणाले. त्यांनी भाकरी उलटली आणि मी त्यांना लाकडं पुढं सारून दिली.

मोरीवर, संडासाच्या दारात, शेडवर, सगळीकडं आता साबण आहे. वस्तीतल्या बायकांना मी बोलावून सगळं सांगितलं. "तू डुक्कर खाल्लंस?" याच्यापुढं पहिला अर्धा तास कोणी जाईना. मी म्हटलं, खाल्लं, कच्चं खाल्लं, आणि डॉक्टरांशी खोटं बोलले ते त्याहून वाईट केलं. त्यातल्या दोघी नंतर मागच्या दारानं येऊन विचारून गेल्या की नमुना कुठं द्यायचा.

पंगत

दीड महिन्यानं फोन वाजला. "मैडम, दौंड उतर गया हूँ." मी किंचाळले. मला अजून गाडी चालवायची बंदी होती, म्हणून संतोषच्या मागं बसून गेले. प्लॅटफॉर्मवर मंगरूभैया आणि सोबत त्यांची बायको, डोक्यावरून पदर, हातात पोह्यांची पिशवी. या खेपेला तिला घेऊन आले होते. संतोषनी दोन्ही बॅगा खांद्यावर मारल्या आणि जिना चढायला लागले. मंगरूभैया मागं लंगडत, "भैया, दीजिए, दीजिए." संतोष थांबून म्हणाले, "न्हाई द्यायचो. माफ कर मला." हमाल, प्रवासी, सगळे बघत होते. मंगरूभैया त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चलो, सूअर भूखे होंगे."

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं माझे नमुने दुसऱ्यांदा साफ आले. मॅडम फोनवर म्हणाल्या, "रेखाताई, आता करा स्वयंपाक." त्या दिवशी आबांनी मंगरूभैया आणि त्यांच्या बायकोला घरात जेवायला बोलावलं. आजवर त्यांचं ताट शेडवर जायचं.

मी साबणानं हात धुतले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. परातीत पीठ घेतलं आणि परत जाऊन चौथ्यांदा धुतले. या हातांनी मी घरादाराला काय काय वाढत आले असेन, कोण जाणे. तरी भाकऱ्या केल्या. पातळ, पापुद्रा सुटलेल्या. ओळीनं सगळे बसले: आबा, त्यांच्या शेजारी मंगरूभैया, त्यांची बायको, संतोष, सई. मंगरूभैया गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मैडम, आज पूरा पका है न?" सगळी पंगत हसली. तीन वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली चेष्टा.

मी चिमट्यात भाकरी धरली आणि आबांच्या ताटापुढं वाकले. आबांनी ताट मागं ओढलं.

"चिमटा ठिव बाजूला," ते म्हणाले. "हातानं वाढ."